मुलाण्याच्या सुरीपासून प्रमाणपत्राच्या कागदापर्यंत

‘हलाल’ हा शब्द मराठीला परका नाही. गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो ज्या तऱ्हेने येऊ लागला आहे, त्यावरून तो कालपरवा आखातातून आलेला पाहुणा असावा, असा एखाद्याचा समज होईल. प्रत्यक्षात खाल्ल्या मिठाला जागणाऱ्याला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘नमकहलाल’ म्हणत आला आहे. देशावरच्या खेड्यात मराठा, धनगर किंवा माळी शेतकरीही ‘बकरा कापला’ या अर्थी ‘बकरा हलाल केला’ असे सहज बोलून जातो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘हलालखोर’ हा शब्द झाडूकाम करणाऱ्यासाठी दिलेला आहे आणि मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही तो सफाईच्या कामाशी जोडूनच येतो. शहराची घाण उपसून आपल्या कष्टाचे खाणारा, तो हलालखोर.

म्हणजे मराठीने या एका शब्दात दोन अर्थ सांभाळले. एक, जनावर कापण्याची रीत. दुसरा, पोट भरण्याची रीत. आज हाच शब्द तिसऱ्या अर्थाने दुकानाच्या पाटीवर आणि पाकिटाच्या कोपऱ्यात येऊन बसला आहे. तो अर्थ आहे प्रमाणपत्राचा. मटणाचे दुकान, चिकन सेंटर, बेकरी, बिर्याणीची हातगाडी, रस्त्याकडेची खानावळ चालवणारी आपली माणसे या कागदाकडे कशी पाहतात? त्यांना तो कळतो का? आणि त्यांना त्याची खरोखर गरज आहे का? या प्रश्नांची उत्तरे आजच्या वादावादीत सापडत नाहीत. त्यासाठी गावगाड्यात मागे जावे लागते.

दोन लोणी

पुण्याच्या हवेली तालुक्यात लोणी नावाची दोन मोठी गावे आहेत. नगर रस्त्यावरचे लोणीकंद आणि सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाई बुडाल्यानंतर लगेच ‘लोणी’ गावाची बारकाईने पाहणी केली. तिचा वृत्तांत १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापला गेला. जमीन, पिके, घरे, जेवणखाण, बलुतेदार असे सारे त्यात आहे. ते गाव म्हणजे लोणीकंद. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुढे त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक लिहिले. लोणी काळभोरच्या वाट्याला असा कोणी कोट्स आला नाही. पण मुलूख एक, माती एक आणि गावगाड्याची घडणही एकच. त्यामुळे एका लोणीचे वाचताना दुसऱ्या लोणीचा अंदाज येतो.

आजचे लोणी काळभोर मात्र गाव आणि शहर यांच्या उंबरठ्यावर उभे आहे. महामार्गावर इंधनाचे डेपो आणि टँकरच्या रांगा आहेत. राज कपूर यांची जागा म्हणून ओळखल्या गेलेल्या राजबागेत आता विद्यापीठ आहे आणि तिथे देशभरातून विद्यार्थी येतात. कोंबड्यांच्या रोगनिदानाचे नामांकित संशोधन केंद्रही याच गावात आहे. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही दोन्ही पोलीस ठाणी ग्रामीण हद्दीतून पुणे शहर आयुक्तालयात आली, म्हणजे सरकारनेही हा बदल कागदावर मान्य केला. हे सांगण्याचे कारण एवढेच की, जिथे गिऱ्हाईक दुकानदाराला आजोबापासून ओळखते आणि जिथे गिऱ्हाईकाला दुकानदाराचे नावही माहीत नसते, अशा दोन्ही प्रकारची दुकाने इथे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी आहेत. आपला विषय नेमका या दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत आहे.

गावाचा मुलाणी

बारा बलुतेदारांची यादी गावोगावी थोडीफार बदलते. मोल्सवर्थने दिलेल्या यादीत तीन ओळी आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. भट आणि गुरव यांच्या मध्ये आपला मुलाणा बसलेला आहे, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रांट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथातही मुलाण्याची दखल घेतली आहे.

मुलाण्याची कामे ठरलेली होती. मशिदीची देखभाल, निकाह आणि मयतीचे विधी, पीर आणि ताबूत यांची व्यवस्था आणि गावात जनावर कापायचे असेल तेव्हा जबह करणे. हे शेवटचे काम मुसलमान घरापुरते मर्यादित नव्हते. सणाचा बकरा असो, नवसाचा असो, शेतातल्या म्हसोबाचा असो की पिराच्या कंदुरीचा; सुरी मुलाण्याच्या हातात असे. कुणब्याच्या घरी पाहुणा आला आणि कोंबडे कापायचे ठरले, तर घरातले पोर कोंबडे काखोटीला मारून मुलाण्याच्या दारात जाई. हा रिवाज कित्येक गावांत आजच्या साठी-सत्तरीतल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. हिंदू खाटकाच्या दुकानातही अनेक ठिकाणी कापण्यापुरता मुलाणी बोलावला जाई. मांस विकणारा एक, कापणारा दुसरा आणि खाणारा सगळा गाव, अशी ती विभागणी होती.

याचा मोबदला रोख नव्हता. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा आणि कापलेल्या जनावरात ठरलेला मान, असे त्याचे स्वरूप होते. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांचा अभ्यास करून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. बलुतेदार हा एखाद्या घराचा आश्रित नव्हता, तो अख्ख्या गावाचा चाकर होता. हा मुद्दा मुलाण्याला लावून पाहा. गावच्या मुलाण्याला नेमणारा, त्याचा हक्क मान्य करणारा आणि त्याला धान्य देणारा जो गाव, त्यात मुसलमानांची घरे बोटावर मोजण्याइतकी असत. म्हणजे आपल्या मुलखात हलाल मांसाची व्यवस्था ही गावाची व्यवस्था होती. तिला कोणी धर्मांतर म्हटले नाही की आक्रमण म्हटले नाही. मारुतीच्या पारावर बसणाऱ्या माणसांनीच ती पोसली होती.

आजच्या भाषेत बोलायचे तर मुलाणी हेच गावाचे प्रमाणपत्र होते. ते कागदाचे नव्हते, हाडामांसाचे होते. त्याचा पत्ता ठाऊक होता, त्याचा बाप ठाऊक होता, आणि त्याने लबाडी केली असती तर त्याचे बलुते बंद करण्याची ताकद गावाकडे होती. स्वातंत्र्यानंतर ही चौकट मोडली. गावाच्या उपयोगी पडणाऱ्या सेवांसाठी दिलेली इनामे मुंबई राज्याने १९५३ च्या कायद्याने संपवली. बलुत्याची जागा पैशाने घेतली. ही मोडतोड आवश्यकच होती, कारण बलुत्यात जसा मान होता तशी जातीची वेठही होती. मुलाणी आडनाव उरले, कुठे कुठे सुरीही उरली. पण गावाचा मुलाणी दुकानदार झाला आणि त्याचे बलुते देणारा गाव गिऱ्हाईक झाला.

साक्ष कोणाची?

शरीअतने जबहच्या घातलेल्या अटी थोड्या आणि स्पष्ट आहेत. जनावर खाण्यास परवानगी असलेल्या जातीचे आणि जिवंत हवे. कापणारा शुद्धीवर असलेला, समजदार आणि ईमानवाला हवा. अल्लाहचे नाव घेतले जावे. सुरी धारदार हवी. अन्ननलिका, श्वासनलिका आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापल्या जाऊन रक्त वाहून गेले पाहिजे. याशिवाय काही अदब आहेत. जनावराला पाणी पाजावे, त्याच्या नजरेसमोर सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसरे कापू नये.

या सगळ्यात कागद कुठेच येत नाही. हजरत आयेशा यांच्याकडून आलेली एक हदीस प्रसिद्ध आहे. नव्याने इस्लाममध्ये आलेले काही लोक मांस आणून देतात, त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही हे ठाऊक नसते, अशी विचारणा झाली. त्यावर रसूलुल्लाहांनी चौकशीचे फर्मान काढले नाही. तुम्ही नाव घेऊन खा, असा त्या उत्तराचा आशय आहे. समाजात माणसाने माणसाच्या शब्दावर विसंबून राहावे, उगाच खोदून खोदून संशय काढू नये, हे तत्त्व यातून फुकहांनी घेतले. दुसऱ्या बाजूला आणखी एक हदीस आहे. हलाल उघड आहे, हरामही उघड आहे, आणि या दोहोंच्या मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत. त्यांपासून जो दूर राहतो तो आपला दीन आणि आबरू सांभाळतो, असा तिचा आशय. विश्वास आणि सावधगिरी या दोन पारड्यांतच हलालचा काटा उभा आहे.

बाजारावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही इस्लामी इतिहासात होती. तिला हिस्बा आणि तिच्या अधिकाऱ्याला मुहतसिब म्हणत. बाराव्या शतकात शाम देशातल्या अश-शैजरी या लेखकाने मुहतसिबासाठी लिहिलेल्या ग्रंथात भटारी, खाटीक, आचारी, हलवाई अशा धंद्यांची वेगवेगळी प्रकरणे आहेत. त्यात वजनमाप आहे, स्वच्छता आहे, शिळे ताजे म्हणून विकू नये हे आहे, एका प्रकारचे मांस दुसऱ्यात मिसळू नये हेही आहे. मुहतसिबाच्या दृष्टीने खाटकाची सुरी आणि खाटकाचा तराजू या एकाच चौकशीच्या दोन बाजू होत्या. कुरआनातही खाण्याच्या संदर्भात ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यिब’ म्हणजे स्वच्छ, निर्मळ हा शब्द येतो. आपल्या बोलण्यातून हा दुसरा शब्द जवळजवळ गळून पडला आहे.

शंका शिरली कुठून?

मग एवढी सरळ व्यवस्था असताना कागदाची भाषा आली कुठून? ती दोन वाटांनी आली. पहिली वाट आपल्या स्वयंपाकघरातून जाते.

१९८३ मध्ये वनस्पती तुपात परदेशातून आणलेली गुरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. चरबीच्या आयातीवर सरकारला बंदी आणावी लागली. त्या वेळी सर्वांत अस्वस्थ झाला तो हिंदू गृहस्थ, हे उघडच आहे. पण त्या प्रकरणाने प्रत्येक धर्माच्या माणसाला एक गोष्ट शिकवली. डबाबंद वस्तूत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि ती बनवणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. १८५७ च्या काडतुसांनी जी भीती शिपायाच्या दातांखाली आणली होती, तीच आता डालड्याच्या डब्यातून घरात शिरली.

त्याच सुमारास कोंबडीचा धंदाही बदलला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे देशातल्या कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र झाले. गावठी कोंबडे सणाला कापले जाई; ब्रॉयलर रोज कापला जाऊ लागला. सोलापूर रस्त्यावरच्या कोणत्याही चिकन सेंटरवर रविवारी सकाळी उभे राहून पाहा. पिंजऱ्यातून एक पक्षी काढायचा, वजन करायचे, मानेवर सुरी फिरवायची, ड्रममध्ये टाकायचा, तोवर दुसऱ्याचे वजन. कातडीसकट हवा असेल तर गरम पाण्यात बुचकळून पिसे काढायची. घाई अशी की गिऱ्हाईक फोनवर बोलत असते आणि कापणारा पैसे मोजत असतो. प्रत्येक पक्ष्यावर अल्लाहचे नाव घेतले गेले का? पक्षी पुरता थंड होण्याआधीच गरम पाण्यात गेला का? सुरीची धार सकाळपासून पुन्हा लावली का? हे प्रश्न खरे आहेत आणि ते मुसलमानाच्या दुकानालाही लागू आहेत. दुकानाच्या पाटीवरचे मालकाचे नाव हे या प्रश्नांचे उत्तर होऊ शकत नाही.

बेकरीची गोष्ट वेगळी. खारी, बटर, नानकटाई, पाव यांत पूर्वी मैदा, साखर, वनस्पती तूप आणि खमीर एवढेच असे. आता केकसाठी जेल येते, मलईसाठी पावडर येते, रंग आणि अर्क येतात. केक फुलवणाऱ्या जेलमध्ये आयएनएस ४७१ हा घटक असतो. तो वनस्पती तेलापासून बनतो, तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. जेलॅटिन हे हाडे आणि कातड्यापासून निघते. व्हॅनिलाच्या काही अर्कांत अल्कोहोल असते. कोचिनील हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्या आपल्या बेकरीवाल्याला यातले काय सांगितले जाते? पुरवठादार पिशवी ठेवतो, पैसे घेतो आणि जातो.

बंदरावरून आलेला कागद

दुसरी वाट बंदरावरून येते. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत मांसाची मागणी वाढली. मुंबईचा देवनार कत्तलखाना १९७१ चा. तिथून आणि देशातल्या इतर ठिकाणांहून मांस बाहेर जाऊ लागले, तेव्हा विकत घेणाऱ्या देशांनी विचारले की हे कोणी कापले आणि कसे कापले? हजारो मैलांवरच्या गिऱ्हाईकाला आपल्या मुलाण्याचा बाप ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला लेखी साक्ष हवी होती. मलेशियाने १९७४ पासूनच सरकारी पातळीवर हलालची लेखी पत्रे द्यायला सुरुवात केली होती. १९९७ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने ‘हलाल’ शब्दाच्या वापराबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. वेगवेगळ्या मसलकांत मतभेद असू शकतात, हे त्या तत्त्वांतही मान्य केलेले आहे.

हा मतभेदांचा मुद्दा आपल्याला दूरचा वाटू नये. महाराष्ट्रात कोकणातला मुसलमान बहुतांशी शाफई आहे आणि देशावरचा हनफी. जबहच्या वेळी जाणूनबुजून अल्लाहचे नाव टाळले तर हनफींच्या मते ते मांस हराम होते. शाफईंच्या मते नाव घेणे सुन्नत आहे. कोळंबी कोकणी घरात बिनदिक्कत शिजते, देशावर तिच्याबद्दल उलेमांत दोन मते आहेत. तेव्हा प्रमाणपत्र दिले की वाद संपला, असे होत नाही. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचे मसलकही त्या सहीत येते.

भारतात ही प्रमाणपत्रे खाजगी संस्था आणि धार्मिक ट्रस्ट देतात. दिल्लीचा जमीयत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट २००९ पासून आहे. मुंबई आणि चेन्नईतही अशा संस्था आहेत. निर्यातीसाठी सरकारने अलीकडे वेगळी चौकट आखली. ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचे असेल, तर ते मान्यताप्राप्त संस्थेकडूनच प्रमाणित असावे लागते. देशातल्या बाजारासाठी मात्र असा कोणताही कायदा नाही. उलट उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल प्रमाणित वस्तूंचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर बंदी घातली, निर्यात तेवढी वगळली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणजे एकच शिक्का बंदरावर सक्तीचा आणि दुकानात गुन्हा, अशी स्थिती एका राज्यात निर्माण झाली.

तीन समजुती

या पार्श्वभूमीवर छोट्या दुकानदारांशी बोलले की तीन समजुती पुन्हा पुन्हा कानावर येतात.

पहिली समजूत अशी की, हलालचा कागद म्हणजे सरकारी लायसन. तसे ते नाही. सरकारी नोंदणी आहे ती अन्नसुरक्षेची. २००६ च्या कायद्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्या नियमांत वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्या छोट्या विक्रेत्यासाठी साधी नोंदणी ठेवली गेली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरली. हातगाडीवालाही तिच्यात येतो. या नोंदणीचा हलालशी काहीही संबंध नाही, पण ‘तय्यिब’शी आहे. जो दुकानदार हलालच्या स्टिकरची चौकशी करतो आणि ही नोंदणी मात्र करत नाही, त्याने पहिली पायरी सोडून दुसरीवर पाय टाकला, असे म्हणावे लागेल.

दुसरी समजूत अभिमानाची आहे. आम्ही मुसलमान, आमच्या हातच्याला कागद कशाला? तीन पिढ्या गिऱ्हाईक खातेय, कोणी विचारले नाही! यात निम्मे सत्य आहे. जो स्वतः जनावर पाहून घेतो, स्वतः कापतो, स्वतः विकतो, त्याच्यापुरता शरीअतचा आणि गावाचा दोन्ही रिवाज त्याच्या बाजूने आहे. फी, पाहणी आणि दरवर्षी नूतनीकरण असला खटाटोप त्याच्यावर लादणे म्हणजे ओळखीच्या माणसाकडे ओळखपत्र मागणे. पण हाच दुकानदार जेव्हा गोठवलेले चिकन, तयार कबाब, तयार मसाला किंवा केकचे जेल बाहेरून आणतो, तेव्हा त्याच्या तीन पिढ्यांचा त्या पिशवीशी संबंध उरत नाही. तिथे ‘आम्ही मुसलमान’ हे उत्तर पुरत नाही.

तिसरी समजूत सर्वांत स्वस्त आहे. फ्लेक्सवाल्याकडे जायचे, चाँदतारा, हिरवी अक्षरे आणि ‘१०० टक्के हलाल’ छापून घ्यायचे, की काम झाले. ही पाटी म्हणजे दावा आहे, साक्ष नव्हे. आपणच आपला साक्षीदार होऊन चालत नाही, हे कोर्टकचेरी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

याच ठिकाणी एक साधी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. २००० ते २००१ या काळात केंद्र सरकारने पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहारी आणि मांसाहारी अशी खूण सक्तीची केली. हिरवी खूण असलेल्या पिशवीत प्राण्याची चरबी किंवा जेलॅटिन असणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आपल्या जैन आणि वैष्णव बांधवांच्या आग्रहामुळे जी खूण आली, तिने मुसलमान बेकरीवाल्याची निम्मी शंका फुकटात मिटवली आहे. उरतो तो अल्कोहोलचा प्रश्न, आणि तो घटकांची यादी वाचून बऱ्याच अंशी सुटतो. बेकरीवाल्याने हिरवी खूण असलेलाच कच्चा माल घ्यायचा, पिशवी वाचायची आणि बिले जपून ठेवायची एवढे केले, तर गिऱ्हाईकासमोर ठेवायला त्याच्याकडे कोणत्याही गोल शिक्क्यापेक्षा ठोस पुरावा राहतो. अडचण अशी की त्या पिशवीवरची अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजी असतात. आमच्या उर्दू शाळांतून बाहेर पडणारा मुलगा हलाल आणि हरामची व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतो, पण घटकांची यादी त्याच्यापुढे धरली तर गप्प होतो. दीनियात आणि विज्ञान हे दोन तास आपण वेगवेगळ्या दिवशी घेतो, त्याचा हा परिणाम आहे. आठवीच्या वर्गात बिस्किटाचा रिकामा पुडा घेऊन हे दोन्ही विषय एकाच तासात शिकवता येतील.

वारसा कोणाचा?

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मांस विकणाऱ्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र जाहीर झाले. ते जाहीर करणारे राज्याचे एक मंत्री होते. लोणी काळभोरच्या डोंगरापलीकडे, पुरंदर तालुक्यात, खंडोबाची जेजुरी आहे. त्या देवाचे नाव मांसाच्या दुकानाला देण्यावर तिथूनही आक्षेप निघाले. कोणाला झटका खायचा असेल तर तो त्याचा हक्क आहे. शीख बांधव पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे आपल्याला काही कारण नाही. प्रश्न इतिहासाचा आहे. हलाल हे महाराष्ट्रातल्या हिंदूवर लादलेले परके मांस आहे, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बलुतेदारांच्या धाकट्या ओळीतला मुलाणा पुसून टाकला जातो. त्याच्याबरोबर त्याला खळ्यावर धान्य घालणारा कुणबीही पुसला जातो. हा इतिहास मोल्सवर्थने आणि आत्र्यांनी लिहून ठेवला आहे. त्यांतला एकही लेखक मुसलमान नव्हता.

पण पुसण्याचे काम आपल्या बाजूनेही चालू आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलाण्याचा मान त्याच्या धर्मामुळे तर होताच, पण तेवढ्यामुळे नव्हता. तो हजर असे, सर्वांसाठी येई, आणि चुकला तर गावाला जबाब देई. आज आपण हलालची जबाबदारी एकतर पाटीवर टाकतो, नाहीतर दूरच्या संस्थेच्या शिक्क्यावर. मधला माणूस गायब झाला आहे. तो परत आणणे छोट्या धंद्यांना जमण्यासारखे आहे. जमातीने किंवा मशिदीच्या कमिटीने आपल्या भागातल्या चिकन आणि मटण दुकानांतल्या कापणाऱ्यांना जबहचे मसले आणि स्वच्छता दोन्ही शिकवावे, अधूनमधून उघडपणे दुकानात जाऊन पाहावे, आणि हे काम फुकट करावे. कापणारा कामगार बाहेरगावचा असेल तर तो कोण, त्याला काय येते, हे मालकाला ठाऊक असावे. विद्यापीठातला परगावचा विद्यार्थी किंवा टँकरचा ड्रायव्हर ‘हलाल है?’ म्हणून विचारतो, तेव्हा त्याला पाटीकडे बोट न दाखवता, कोण कापतो आणि माल कुठून येतो, हे सांगता आले पाहिजे. निर्यातदाराला आणि मोठ्या कारखान्याला प्रमाणपत्र लागेल, त्यांनी ते घ्यावे. गल्लीतल्या दुकानाला त्याऐवजी हे उत्तर लागेल.

शेवटी हलालच्या त्या दुसऱ्या अर्थाकडे यावेच लागते, जो मराठीने ‘हलालखोर’ या शब्दात जपला. कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र घटक तपासते, सुरी तपासते. दुकानातला काटा हलका आहे की भारी, मांसात पाणी भरले आहे की नाही, काम करणाऱ्या पोराला पगार वेळेवर मिळतो की नाही, हे त्या कागदावर छापलेले नसते. मुहतसिबाच्या चौकशीत काटा होता. गावच्या मुलाण्यावरही ‘मापात पाप’ खपवून न घेणाऱ्या शेजाऱ्यांची नजर होती. बिस्मिल्लाह म्हणून कापलेले मटण किलोमागे पन्नास ग्रॅम कमी भरले, तर त्या पन्नास ग्रॅमला आपण काय म्हणणार आहोत, एवढे प्रत्येक दुकानदाराने गल्ला मोजताना स्वतःला विचारावे.